लुटीची चोख नोंदवही: पॅरिस १९४०-४४ आणि रोझ वालाँ

नोंदवही

रोझ वालाँ या बाईंबद्दल मराठीत फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हा धागा काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

जून १९४० मध्ये पॅरिस पडलं आणि काही महिन्यांतच जर्मनांची एक संस्था तिथे कामाला लागली. नाव लांबलचक आहे, सगळे तिला ईआरआर म्हणतात. नाझी पक्षाचा स्वयंघोषित विचारवंत आल्फ्रेड रोझेनबर्ग तिचा प्रमुख. काम काय, तर ज्यू कुटुंबांचे कलासंग्रह उचलायचे. रोथशिल्ड, पिकासोचा डीलर पॉल रोझेनबर्ग (वरच्या रोझेनबर्गशी काडीचं नातं नाही, नावात घोळ होतो म्हणून सांगतोय) असे दोनशेच्या आसपास संग्रह. माल आणून ठेवायला त्यांनी लूव्रच्या शेजारच्या बागेतलं झ्यू द पोम नावाचं छोटं म्युझियम घेतलं. आणि तिथे जे सुरू झालं ते एखाद्या टापटीप सरकारी कचेरीसारखं, म्हणजे प्रत्येक चित्राचा फोटो काढायचा, नंबर घालायचा, कार्ड करायचं आणि कार्डावर कोणाच्या घरून आलं तेही लिहायचं! रोथशिल्डांच्या मालाला आर हे अक्षर आणि पुढे आकडा. एकट्या फ्रान्समधून सुमारे २२ हजार वस्तू अशा नोंदवल्या गेल्या. हिटलरचा उजवा हात गोअरिंग वीसेक वेळा तिथे आला, शॅम्पेनचे ग्लास घेऊन चित्रं बघायचा आणि आवडलेली स्वतःसाठी बाजूला काढायला लावायचा. हिटलरला पसंती कळवायला चामडी बांधणीचे अल्बम केले होते, त्यातले ३९ पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून टेबलावर आले.

या सगळ्यात एकच फ्रेंच कर्मचारी तिथे टिकून राहिली ती रोझ वालाँ. गावाकडच्या लोहाराची मुलगी, शिष्यवृत्त्यांवर शिकली, १९३२ पासून त्याच म्युझियममध्ये बिनपगारी राबत होती, पगार सुरू झाला १९४१ मध्ये म्हणजे जर्मन आल्यावर. चष्मा, अंबाडा, साधे कपडे, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही अशी. तिला जर्मन कळतं हे तिने चार वर्षं कुणाला कळू दिलं नाही. अधिकारी तिच्यासमोरच कुठली गाडी कधी सुटणार, कुठल्या किल्ल्यात जाणार ते बोलायचे. ती मान खाली घालून काम करायची आणि नंतर लिहून काढायची. कचऱ्याच्या टोपलीतले कार्बन पेपर उचलायची, निगेटिव्ह रात्री घरी नेऊन प्रिंट काढून सकाळी जागच्या जागी ठेवायची. एकदा पत्ता वाचताना पकडली गेली तेव्हा ब्रुनो लोझे नावाच्या अधिकाऱ्याने गोळी घातली जाईल असं तोंडावर सुनावलं होतं. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा कामावर.

ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्तांचं सैन्य पॅरिसच्या दारात असताना जर्मनांनी आधुनिक चित्रांच्या १४८ पेट्या पाच वॅगनमध्ये भरल्या. वालाँनी वॅगनचे नंबर काढून वरिष्ठांना दिले, तिथून ते रेल्वेतल्या क्रांतिकारकांकडे गेले आणि गाडी पॅरिसच्या उपनगरातच रखडवली गेली. फ्रेंच जनरल लक्लेर्कच्या डिव्हिजनची एक तुकडी तिच्यापर्यंत पोचली, तुकडीचा लेफ्टनंट होता आलेक्सांद्र रोझेनबर्ग, पॉल रोझेनबर्गचा मुलगा. पेट्या उघडल्या तर आत त्याच्या लहानपणी घरच्या भिंतीवर असलेली चित्रं. सिनेमावाल्याने लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो काहीही दाखवतात.

माझं म्हणणं एवढंच की चित्रं परत आली ती पराक्रमापेक्षा कागदामुळे जास्त. चोरांनी हिशेब ठेवला आणि एका बाईने त्या हिशेबाचा हिशेब ठेवला.

रेवा_के

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. लूव्रचं सामान हलवलं तो किस्सा यात हवाच होता, मीच टाकते. ऑगस्ट १९३९ मध्ये युद्ध सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच तिथल्या झाक झोझार या माणसाने दुरुस्तीच्या नावाखाली लूव्र बंद केलं आणि पेट्या भरायला घेतल्या. अठराशेच्या वर पेट्या! मोनालिसाच्या पेटीवर नाव नव्हतं, फक्त तीन लाल ठिपके. सामोथ्रेसची विजयदेवता, ती बिनडोक्याची पंखवाली, तिला लाकडी उतरणीवरून जिन्याच्या पायऱ्या उतरवून खाली आणलं, श्वास रोखून. पण सगळ्यात भारी म्हणजे जेरिकोचं ते जहाज फुटलेल्या लोकांच्या तराफ्याचं चित्र, ते इतकं मोठं की पेटीत मावेना म्हणून नाटक कंपनीच्या सेट नेणाऱ्या ट्रेलरवर उभंच नेलं आणि व्हर्सायमध्ये ते ट्रामच्या तारांत अडकलं, ठिणग्या उडाल्या, गावाची वीज गेली. पुढे मोनालिसा पाच वर्षं या किल्ल्यातून त्या मठात अशी फिरत होती. जर्मनांना कधी मिळाली नाही.

तात्या_सांगलीकर

धागा छान आहे नोंदवहीभाऊ पण मला एक खटकलं. कागदामुळे परत आली म्हणता, कुणाची? ज्यांच्याकडे पिकासो होता त्यांची. पॅरिसमधली ३८ हजार ज्यू कुटुंबांची घरं रिकामी केली त्याच लोकांनी, वेगळ्या खात्यातून. पलंग, गाद्या, शिलाई मशीन, पियानो, चमचे, मुलांची खेळणी सुद्धा. ते सगळं वेगवेगळं लावायला पॅरिसमध्येच गोदामं होती, एक तर चांगलं नावाजलेलं फर्निचरचं दुकान होतं, लेव्हितान, आणि तिथे राबायला ज्यू कैदीच ठेवले होते. कुणाकुणाला स्वतःच्या घरचं सामान समोर आलेलं दिसलं. त्या चमच्यांचं कार्ड कुणी केलं नाही. ते सगळं जर्मनीत बाँबने घरं पडलेल्या लोकांना वाटून टाकलं, संपलं. तर हिशेब चोख होता वगैरे ठीक आहे पण तो किमती मालाचाच होता.

नोंदवही

तात्या, मुद्दा शंभर टक्के मान्य आणि त्याला जोडून एक गोष्ट सांगतो. ती जी पाच वॅगनची गाडी मी वर लिहिली ना, त्या गाडीला बाकीच्या चाळीसेक वॅगन या तुमच्या घरसामानाच्या होत्या. चित्रं भरून तयार होती आणि गाडी दिवसेंदिवस थांबली कशासाठी, तर कपाटं आणि खुर्च्या भरून व्हायच्या होत्या. म्हणजे सेझान-पिकासो वाचले त्यात त्या बिनकार्डाच्या खुर्च्यांचाही हात आहे. त्या खुर्च्यांच्या मालकांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

मीठमिरची

मिठाचा विषय निघणार असेल तर मी आलेच पाहिजे, नावाला जागायला :)

ऑस्ट्रियात आल्टआउसे नावाच्या गावात मिठाची खाण आहे. हिटलरला लिंझला मोठं म्युझियम करायचं होतं, त्यासाठी जमवलेला माल शेवटी या खाणीत ठेवला होता कारण आत हवामान बारा महिने एकसारखं, थंड, आणि वर डोंगर असल्याने बाँबची भीती नाही. साडेसहा हजारांवर चित्रं. गेंटच्या चर्चमधलं व्हान आयक बंधूंचं ते पंधराव्या शतकातलं पॅनलवालं चित्र, मायकेलअँजेलोची ब्रूजची मेरी आणि बाळ, व्हर्मीरचा खगोलशास्त्रज्ञ, सगळं आत. एप्रिल १९४५ मध्ये तिथला गाउलायटर (म्हणजे नाझींचा प्रांतप्रमुख) आयग्रुबर याने आठ पेट्या आत पाठवल्या, वर लिहिलेलं "सावधान, संगमरवर, आपटू नका", आणि आत प्रत्येकी पाचशे किलोचा बाँब. शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही. खाणकामगारांना कळलं तेव्हा त्यांनी बाकीच्या काही लोकांशी संगनमत करून त्या पेट्या बाहेर काढल्या आणि बोगद्याची तोंडं बेताने सुरुंग लावून बुजवून टाकली. कलाप्रेम असेलही पण मुख्य म्हणजे खाण गेली तर उद्या खायचं काय. नंतर श्रेय घ्यायला इतके जण पुढे आले की विचारू नका.

आणि अमेरिकनांना खाणीचा पत्ता लागला तो दाढदुखीमुळे, हे खरं आहे, थापा नाहीत. लुटलेली चित्रं शोधणाऱ्या अमेरिकन पलटणीतला पोझी नावाचा अधिकारी, पेशाने आर्किटेक्ट, मार्च १९४५ मध्ये त्रीअर गावात दाढ ठणकायला लागली म्हणून स्थानिक दंतवैद्याकडे गेला. वैद्य गप्पिष्ट निघाला, तुम्ही चित्रं वगैरे शोधता काय, मग माझ्या जावयाला भेटा. जावई म्हणजे हेर्मान बुन्येस, पॅरिसमध्ये गोअरिंगच्या खरेद्यांत गुंतलेला कलाइतिहासकार. त्याने सगळं ओकलं.

रेवा_के

दाढदुखी! =)) आणि पोझीबरोबर जो साधा शिपाई होता लिंकन कर्स्टीन, त्याने पुढे न्यूयॉर्क सिटी बॅले उभं केलं. काय एकेक माणसं त्या पलटणीत.

व्हर्मीरच्या खगोलशास्त्रज्ञाच्या पाठीवर नाझींचा छोटासा काळा स्वस्तिकाचा शिक्का अजून आहे म्हणतात. चित्र रोथशिल्डांना परत मिळालं होतं, १९८० च्या दशकात लूव्रकडे आलं. समोरून बघणाऱ्याला काही पत्ता लागत नाही.

अदिती_हॅम्बुर्ग

कलाकारांबद्दल कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते, ऑफिसमधून टाइप करतेय त्यामुळे तुटक असेल.

फेलिक्स नुसबाउम. जन्म १९०४, ओस्नाब्रुक. ज्यू. बेल्जियममध्ये पळून गेला, ब्रसेल्समध्ये बायकोबरोबर माळ्यावर लपून राहिला आणि तिथे चित्रं काढत होता. रंगाचा वास शेजाऱ्यांना येऊ नये ही सुद्धा चिंता. १९४३ मध्ये स्वतःचं चित्र काढलंय, भिंतीच्या कोपऱ्यात उभा, कोटाची कॉलर वर केलेली, तिच्याखाली पिवळा तारा आणि हातात ओळखपत्र आपल्याकडे धरलेलं. बघणारा पोलीस असल्यासारखं वाटतं, म्हणजे पोलीस आपणच. ते चित्र समोर उभं राहून बघितलंत तर ओळखपत्रावरचा लाल शिक्का आधी दिसतो, चेहरा नंतर. १९४४ च्या उन्हाळ्यात पकडले गेले आणि जुलैअखेर बेल्जियममधून आउशविट्झला गेलेल्या शेवटच्या गाडीत दोघांना घातलं. महिन्याभरात ब्रसेल्स सुटलं. चित्रं ओळखीच्यांकडे लपवून ठेवलेली होती, बरीच वर्षं कुणी विचारलं नाही, आता ओस्नाब्रुकला त्याचं स्वतंत्र म्युझियम आहे, १९९८ पासून.

आता उलटी बाजू. एमिल नोल्ड. १९३७ मध्ये म्युनिकला "विकृत कला" म्हणून जे प्रदर्शन भरवलं त्यात याची कितीतरी चित्रं होती, जर्मन म्युझियममधून त्याची हजारावर कामं जप्त झाली, त्याला रंगवायची व्यावसायिक बंदी झाली. युद्धानंतर तो बिचारा छळ सोसलेला चित्रकार म्हणून घराघरात पोचला. पण हा गृहस्थ स्वतः नाझी पक्षाचा सदस्य होता, ज्यूविरोधी होता आणि माझी कला अस्सल जर्मन आहे असं वर पत्रं लिहीत होता. २०१९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे सगळं व्यवस्थित मांडल्यावर मर्केलबाईंनी ऑफिसमधली त्याची चित्रं काढून टाकली. मला त्याचे समुद्र आजही आवडतात, सॉरी.

आणि नोंदवही, तुमच्या कागदाच्या मुद्द्यावर एक, ही जी हजारो "विकृत" चित्रं जप्त केली ती जर्मन म्युझियमचीच होती, म्हणजे सरकारने सरकारची घेतली. आधी उचलली आणि १९३८ मध्ये मागाहून कायदा करून टाकला. मग १९३९ मध्ये लुझर्नला लिलाव. तो कायदा युद्धानंतर रद्द केला नाही त्यामुळे ती चित्रं आज स्वित्झर्लंड-अमेरिकेच्या म्युझियममध्ये अगदी कायदेशीर लटकतात. कागद चोराच्याही बाजूने असतो.

तात्या_सांगलीकर

अदितीताई, शेवटचं वाक्य जबरी.

सुकेळी

मी वसईचा. हे सगळं वाचताना एकच मनात येतं ते बोलतो, कुणी अंगावर येऊ नका. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, चांगलंच झालं, पोर्तुगीजांनी काय केलं ते आम्हालाही माहितीये, देवळं पाडली, लोक बाटवले. पण किल्ल्यातल्या आणि आसपासच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी काढून नेल्या त्या आजही देवळांत आहेत. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे, मेणवलीच्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. शाळेच्या सहलीत गाइड सांगतो बघा विजयाचं प्रतीक. आम्ही वर्गात चारपाच ख्रिश्चन पोरं होतो, आम्हीपण टाळ्या वाजवल्या. मला परत वगैरे नकोयत. फक्त लूट म्हणजे नेहमी दुसऱ्याने केलेली असं नसतं एवढंच.

शिवभक्त_९६

याची तुलना नाझींशी??? कमाल आहे. पोर्तुगीज इथे कोण होते मग, पाहुणे? त्यांच्या घंटा घेतल्या यात लूट कसली. वाघनखं लंडनला कशी गेली त्यावर लिहा की.

नोंदवही

शिवभक्त, सुकेळीने तुलना केलेली नाहीये, पुन्हा वाचा. शत्रूची घंटा, तोफ, झेंडा नेणं ही त्या काळाची रीत होती, युरोपातही तोफा वितळवून घंटा आणि घंटा वितळवून तोफा चालायचं. आणि मेणवलीची घंटा कुणी वितळवली नाही, वरची मेरीही घासून काढली नाही, ती तशीच देवळात वाजत राहिली याचं मला कौतुक वाटतं.

वाघनखांबद्दल, जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे गेली आणि पुढे त्याच्या घराण्याकडून म्युझियमला मिळाली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याचा पुरावा नाही असं लंडनचं म्युझियम स्वतःच म्हणतं.

मोडी_वाचक

कागदाचा विषय निघालाय म्हणून. इंग्रज लुटीला प्राइझ म्हणायचे आणि त्याला रीतसर एजंट नेमलेले असायचे. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचं सिंहासन तोडून तुकडे केले, कारण सोनं वाटायचं होतं. वाघाचं डोकं एकीकडे, वरचा रत्नजडित पक्षी दुसरीकडे.

आपल्याकडचं बघा. १८१८ ला पेशवाई बुडाली त्यात नाशिकचा हिरा गेला, आधी त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता असं सांगतात. लंडनला रंडेल अँड ब्रिज या सराफांकडे तो विकला गेला. त्यांनी नव्वद कॅरेटचा तासून ऐंशीवर आणला, पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कला हॅरी विन्स्टनने पुन्हा तासला तो ४३ कॅरेटवर. आता उद्या कुणी उदार होऊन म्हणालं की घ्या तुमचा हिरा तर त्र्यंबकेश्वराच्या देवाचा अर्धाही शिल्लक नाही.

आणि गेल्या वर्षीची रघुजी भोसल्यांची तलवार. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने ४७ लाखांना घेतली, ऑगस्टमध्ये मुंबईत मिरवणूक वगैरे. पात्यावर रघुजींचं नाव सोन्यात आहे म्हणून ओळख तरी पटली. पण नागपूरहून ती बाहेर कशी गेली, सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत की नजराणा म्हणून, याचा कागद नाही. म्हणून आपण ती मागू शकलो नाही, विकत घेतली. एखादी वालाँबाई नागपुरात १८१७ ला असती तर पैसे वाचले असते.

शिवभक्त_९६

हे पटलं. माहिती चांगली आहे.

गंगाजळी

मुंबईचा एक धागा यात जोडते. वियेना-बर्लिनहून पळालेली मंडळी मुंबईतही आली. वॉल्टर लँगहॅमर, वियेनाचा चित्रकार, बायको ज्यू, टाइम्स ऑफ इंडियाचा आर्ट डायरेक्टर झाला. रुडी फॉन लायडन, मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ, टाइम्समध्ये कलासमीक्षा लिहायचा. इमान्युएल श्लेझिंगर, औषधांचा कारखानदार, चित्रं विकत घ्यायचा. नेपियन सी रोडला लँगहॅमरच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमायचे, त्यात रझा, आरा, हुसेन, आपले गाडे, बाकरे आणि गोव्याचा सूझा, म्हणजे १९४७ चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप. आरा तर कुणाच्या घरी कामाला होता, गाड्या धुवायचा. युरोपातली चित्रं यांनी पाहिली ती बरीचशी या निर्वासितांच्या पुस्तकांतून, छापील प्रतींतून. आणि ज्या चित्रकारांना तिकडे विकृत म्हणून भिंतीवरून उतरवत होते त्यांच्यावर इकडे नेपियन सी रोडला तासन् तास चर्चा. हिटलर नसता तर आपली आधुनिक चित्रकला वेगळी दिसली असती असं म्हणायला मला संकोच वाटतो पण म्हणते.

मीठमिरची

गंगाजळी, यावर स्वतंत्र धागा हवा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अदिती_हॅम्बुर्ग

+१. त्यात हेही टाका की युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी जर्मन-ऑस्ट्रियन म्हणून अशा निर्वासितांनाही शत्रू देशाचे नागरिक धरून अहमदनगरच्या छावणीत नेलं होतं. हिटलरपासून पळालेले ज्यू आणि मुंबईतले कट्टर नाझी व्यापारी एकाच कुंपणात.

आणि जुना इतिहास म्हणून सोडून देऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये रशियन सैन्य खेरसोनमधून माघार घेताना तिथल्या कलासंग्रहालयातली हजारो चित्रं ट्रकात भरून क्रिमियाला घेऊन गेलं. सिम्फेरोपोलच्या म्युझियममध्ये भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रांचे फोटो बाहेर आले, खेरसोनचे कर्मचारी त्या फोटोंवरून आपली एकेक चित्रं ओळखून यादी करत बसलेत. युद्धात सांस्कृतिक ठेवा जपायच्या १९५४ च्या हेगच्या कराराला दोन्ही देश बांधील आहेत, हे जाता जाता.

तात्या_सांगलीकर

नोंदवहीभाऊ, तुमच्या वालाँबाईंचं पुढे काय झालं? आणि सगळं परत गेलं का?

नोंदवही

तात्या, बाईंनी पॅरिस सुटल्यावरही आपली यादी लगेच कुणाच्या हातात दिली नाही, फ्रेंचांच्याही नाही, अमेरिकनांच्याही नाही. जेम्स रोरिमर म्हणून अमेरिकन अधिकारी होता (पुढे न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचा संचालक), त्याला कित्येक महिने पारखून मग सांगितलं की बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यात बघा. तिथे माल तर सापडलाच पण ईआरआरची ती सगळी कार्डं, निगेटिव्ह सापडली. मग बाई स्वतः फ्रेंच सैन्यात कॅप्टन होऊन जर्मनीत गेल्या आणि आठ वर्षं माल शोधत राहिल्या. पदकं खूप मिळाली. फ्रान्समध्ये मात्र लोक कंटाळले होते, कोण काय विकत होतं हे उकरणारी बाई कुणाला हवी असते? कारण नुसती लूट नव्हती, युद्धकाळात पॅरिसचा चित्रबाजार जोरात होता आणि विकणारे फ्रेंचच होते.

सगळं परत गेलं का तर नाही. जर्मनीतून सुमारे ६१ हजार वस्तू फ्रान्सला आल्या, त्यातल्या ४५ हजार मालकांना मिळाल्या. उरलेल्यांपैकी बावीसशेच्या आसपास सरकारने म्युझियमांकडे सांभाळायला दिल्या आणि बाकीच्या चक्क विकून टाकल्या. त्या बावीसशे आजही म्युझियममध्ये आहेत, मालक म्हणून नाही, सांभाळणारा म्हणून. कित्येक दशकं त्यांनी वारस शोधायचे फारसे कष्टच घेतले नाहीत, नव्वदच्या दशकात ओरड झाल्यावर हलले.

रेवा_के

पुढच्या महिन्यात पॅरिसला चाललेय लेकीकडे. ही चित्रं बघायला मिळतात का, की गोदामात?

नोंदवही

मिळतात रेवाताई. लूव्रमध्ये डिसेंबर २०१७ पासून दोन छोट्या खोल्यांत अशी तीसेक चित्रं एकत्र लावली आहेत. बाकी दालनांतही आहेत, फक्त लेबल बारकाईने वाचायचं, नंबराच्या सुरुवातीला एमएनआर असेल तर ते चित्र मालकाची वाट बघतंय असं समजायचं. त्यातली बरीचशी काही फार महान चित्रं नाहीत हो, एखादं फुलदाणीचं, एखादं कुणाच्या तरी आजीचं. झ्यू द पोम तिथून बागेतून चालत जाता येतं, आता तिथे फोटोंची प्रदर्शनं असतात, बाहेरच्या भिंतीवर वालाँबाईंच्या नावाची पाटी आहे ती बघा. मंगळवार सोडून जा, लूव्र बंद असतं.